बिब्ब्याचा डाग

मोर्शी
ता. ४ डिसेंबर २०२४

सूर्यभानभाऊ यांना उस्मानचा सलाम आणि नमस्कार.

पत्र लिहायला सहा वर्षं उशीर झाला, त्याची माफी आधी मागून घेतो. मी विसरलो नव्हतो. दोनदा कागद घेऊन बसलो होतो, एकदा कोरोनात आणि एकदा जहाँआरा गेली तेव्हा. हो भाऊ, ती गेली. मागच्या वर्षी, ईद झाल्यावर चौथ्या दिवशी. नईम म्हणाला होता, "अब्बा, अम्मी गेल्याचं अकोल्याले कळवू का?" मी म्हणालो, राहू दे. ते माझं चुकलं. सत्यवती वहिनींना हे जरा बेतानं सांगा.

तुमचा जुना नंबर लागत नाही. हा पत्ता आपल्या रोपवाटिकेतल्या बुधाजीनं दिला. तो संत्र्याची गाडी घेऊन अकोल्याला येतो, तिथं तुमच्या जावयाच्या दुकानापाशी तुम्ही त्याला दिसलात म्हणे. मी विचारलं, कसे आहेत? तो म्हणाला, "टणक हाय म्हातारा. मले चहा पाजला. तुमचं नाव काढलं त उठला अन् आत गेला." मी म्हटलं, ऐकू आलं नसेल. तर हा बुधाजी हसतो आणि म्हणतो, "तुमाले दोघाईलेही बराबर ऐकू येते. बोलताच येत नाही."

असो. कामाचं लिहितो.

पावसाळ्यात माझ्या उजव्या जांघेत गाठ आली. दुखत नव्हती म्हणून कोणाला सांगितलं नाही. लिंबाएवढी झाली तेव्हा नईमनं अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. सुई घालून तुकडा काढला. कॅन्सर निघाला. तुम्ही घाबरू नका. मी घाबरलो तेवढं पुरे आहे.

पण अडचण वेगळीच आहे. गाठ जांघेत आहे, पण रोग जांघेतला नाही. तो अंगात दुसरीकडे कुठेतरी सुरू झाला आणि इथं येऊन बसला. कुठे सुरू झाला, तेच सापडत नाही. मला मशिनीत घातलं, घशातून नळी घातली, खालून नळी घातली, ते लिहीत नाही. फुफ्फुस साफ, पोट साफ, आतडं साफ. रिपोर्टवर लिहिलं आहे, मूळ जागा अज्ञात. नईमनं वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं रोगच नाही, म्हणून मी हात वर करून शुक्र मानला. मग त्यानं समजावलं.

मूळ कळलं नाही तर औषध ठरत नाही. फुफ्फुसातून निघालेल्याला एक औषध, आतड्यातून निघालेल्याला दुसरं. तिथं तपासणीच्या खोलीत डॉ. लुबना नावाची मुलगी आहे, तुमच्या अकोल्याचीच. मला चाचा म्हणते. तिनं दाखवलं, माझा तुकडा मेणाच्या वडीत बसवला आहे. त्याच्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या काढतात, काचेवर ठेवतात आणि वेगवेगळी औषधं लावून पाहतात. ज्या जागेचा रोग असेल तिच्या औषधानं चकती तपकिरी होते, नाही तर निळीच राहते. माझ्या सहा काचा निळ्याच राहिल्या. तुकडा लहान होता, त्याच्या आता चारच चकत्या निघतील. मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून पुन्हा सुई घालायला डॉक्टर राजी नाहीत. तेव्हा उरलेल्या चार कशासाठी खर्चायच्या, ते तिला आधी नक्की करायचं आहे.

तिनं मला सगळं पहिल्यापासून विचारलं. अंगावरचा तीळ, मस, काही कापलं होतं का? मी नाही म्हणालो. तिनं माझे पाय पाहिले. मोठ्या डॉक्टरांनीही आधी पाहिले होते. दोन्ही तळव्यांवर काळे डाग आहेत, ते बिब्ब्याचे आहेत असं मी त्यांना सांगितलं होतं. संत्र्याच्या कलमवाल्याच्या तळव्याला जंभेरीच्या खुंटाचे काटे, काट्यानं कुरूप आणि कुरुपावर बिब्बा, हे तिला कोण सांगणार? पण अकोल्याची असल्यामुळे तिला बिब्बा माहीत निघाला. ती उजव्या टाचेपुढच्या वणापाशी थांबली आणि म्हणाली, "चाचा, हे बिब्बा लावाच्या आधी काळं होतं, का बिब्ब्यानं काळं झालं?"

मी म्हणालो, मला काय माहीत. माझा गुडघा आडवा वळत नाही. दिवसातून पाच वेळा पाय धुतो, पण स्वतःचा तळवा मी कधी पाहिलेला नाही.

"मंग बिब्बा कोणं लावला?"

"पार्टनरनं."

"त्याले विचारा ना मंग!"

म्हणून विचारतो. तो तळवा बिब्ब्याच्या आधी दोघांनीच पाहिला होता, तुम्ही आणि जहाँआरानं. नंतर आत्तापर्यंत ज्या मजुरांनी बिब्बा लावून दिला, त्यांना आधीचं काय ठाऊक? मला स्वतःला काही आठवत नाही. तुम्ही तेव्हा काही बोलला होता, असंही आठवत नाही. आधी काळं होतं की नंतर झालं, एवढं एका ओळीत कळवा.

तुमचा
उस्मान


मोर्शी
ता. १५ डिसेंबर २०२४

सूर्यभानभाऊ,

पहिलं पत्र मिळालं का? पिनकोडचा शेवटचा आकडा बुधाजीनं चार सांगितला की पाच, यावर आठ दिवस माझी झोप गेली. पोस्टमन म्हणाला, चुकलं असतं तर परत आलं असतं. परत आलेलं नाही. म्हणजे कोणीतरी घेतलं आहे. जावयानं घेऊन कपाटावर ठेवलं असेल, तर विचारून पाहा.

उत्तराची वाट पाहून मी परवा पुन्हा अमरावतीला जाऊन आलो. नईम दुकान सोडून येऊ शकला नाही, एसटीनं एकटाच गेलो. चारातली एक चकती प्रोस्टेटच्या औषधात गेली. निळी. आता तीन उरल्या. माझा चेहरा पाहून लुबनानं मला खुर्चीवर बसवलं आणि दुर्बिणीत बघा म्हणाली. मी एक डोळा मिटला. आत निळे निळे ठिपके, दाटीवाटीनं, रोपवाटिकेत बी फेकून पेरल्यावर उगवतं तसे.

"काय दिसते चाचा?"

"पेरणी दाट झाली."

ती खूप हसली. मग म्हणाली, "तुमी कलमवाले ना? झाड पाहून खालचा खुंट कोणता ते सांगता येते का?"

मी म्हणालो, "वरच्या पानावरून नाही. वर सगळा संत्राच. पण कलमाच्या डोळ्याच्या खालून खुंटाले फुटवा आला, की त्याच्या पानावरून सांगतो. जंभेरी हाय का रंगपूर."

"मले तोच फुटवा पाह्यजे चाचा. कुठंतरी आला असन. आठवा."

तिला काय सांगणार? मी चहा पिऊन आलो.

सोमवारी, तेवीस तारखेला, सगळे डॉक्टर बसून ठरवणार आहेत. मूळ सापडलं नाही तर सगळ्यांना थोडं थोडं लागू पडतं असं औषध सुरू करतील. मोठे डॉक्टर म्हणाले, ते कडक आहे, या वयात झेपेल की नाही सांगता येत नाही, आणि रोगालाच लागू पडलं नाही तर नुसता त्रास. म्हणून तुमच्या एका ओळीची मी इतकी वाट पाहून राहिलो आहे.

तुम्ही रागात आहात, हे मला कळतं. पण भाऊ, रागाचं कारण एकट्या माझ्याकडे नव्हतं. सहा महिने माझा पाय वाहत होता. कलम बांधणाऱ्याला उकिडवं बसता आलं नाही तर त्यानं काय करायचं? तीस वर्षं तुम्ही पुढं खुंटात संत्र्याचा डोळा भरत गेलात आणि मी मागून पट्टी बांधत आलो. आपल्या जोडीची सहाशे कलमं दिवसाला व्हायची. त्या वर्षी मी बांधावर बसून दुसऱ्यांना पाहत होतो. माणूस अशा वेळी दोन शब्द बोलतो. तुम्ही चाकू बांधावर ठेवून निघून गेलात, ते गेलातच. नंतर मी दोनदा तुमच्या घरापर्यंत आलो होतो, तर कुलूप होतं.

दुसऱ्यांदा कुलूप होतं. पहिल्यांदा नव्हतं. आत दिवा होता. मी परत फिरलो.

घरात आता मी एकटा असतो. नईम आणि सूनबाई अमरावतीला. सूनबाई बोलावते, पण रोपांना पाणी कोण देणार? जहाँआरा असती तर तुम्हाला त्रास दिला नसता. तिनं सांगितलं असतं काळं कधीचं ते.

तेवीसच्या आधी कळवा. गुडघ्याला तीळतेल चोळता की सोडलं?

उस्मान


अमरावती, नईमच्या घरून
ता. २४ डिसेंबर २०२४

सूर्यभान,

आता तुम्ही-तुम्ही लिहिता येत नाही. तुला कधी तोंडावर तुम्ही म्हटलेलं नाही, कागदावर म्हटलं कारण लपायचं होतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मला काही आठवत नाही. ते खोटं आहे. मला सगळं आठवतं. तू कोणत्या वाफ्याशी बसला होतास तेही आठवतं.

जानेवारी होता. दुपारच्या सुट्टीत तू माझा पाय मांडीवर घेतलास. तिसऱ्यांदा बिब्बा लावायचा होता. बिब्बा सुईला टोचून चिमणीवर धरला होतास, तेल सुटलं होतं, आणि तू तो टेकवलाच नाहीस. म्हणालास,

"उस्मान, हे कुरूप नाही वाटत मले."

"मंग काय हाय?"

"काय हाय ते मले काय मालूम. पण बिब्ब्याच्या आधीपासून काळं हाय हे. दोनदा जायलं, दोनदा खपली निघाली, खालून पुन्हा काळंच. कड पसरून राहिली. नागपूरले नेऊन दाखव."

"हंगाम सोडून नागपूरले जाऊ? काप ते."

"मी नाही कापत."

"तुह्या हातानं लाख डोये काढले अन् हे काढता येत नाही? भेला का बे?"

"हो, भेलो."

"मंग आण तो चाकू इकडं, मी कापतो."

माझा गुडघा आडवा वळत नव्हता, उकिडवं बसता यायचं तेवढंच. मी वेडावाकडा होऊन चाकू घेऊन पायाशी झटायला लागलो तेव्हा तू तो माझ्या हातातून घेतलास. तुला कापायचं नव्हतं. मी तुला कापायला लावलं. कापलेलं तू कागदात बांधून दिलंस आणि म्हणालास, हे तरी डॉक्टरला दाखव. मी ते बांधापलीकडे फेकलं.

जखम सहा महिने भरली नाही आणि जूनमध्ये वीस मजुरांसमोर मी काय बोललो? ते मला इथं लिहावंच लागेल, नाही तर पुन्हा लपवल्यासारखं होईल. मी म्हणालो, "या माणसानं मले मुद्दाम लंगडं केलं. जावयाले जोडीत घ्याचं होतं याले." तुझा जावई तेव्हा नुकताच कामाला आला होता आणि शेजारीच उभा होता. मजुरांतली मैनाबाईसुद्धा बोलली होती, "चाचा, अल्लाचं भेव ठेवा." तू मला उलट बोलला असतास, आई-माईवरून शिवी दिली असतीस तर मी संध्याकाळी तुझ्या घरी आलो असतो. तू चाकू धोतराला पुसलास आणि ठेवून दिलास.

लोक विचारायचे, पाय कशानं गेला? मी म्हणायचो, सूर्यभाननं कापला. सहा वर्षं हेच सांगितलं. नईमला, जहाँआराला, सगळ्यांना. आता डॉक्टरला खरं सांगायचं म्हणजे नईम शेजारी बसून ऐकणार, की सूर्यभानकाका नागपूरला जा म्हणत होते आणि आपला बाप ऐकत नव्हता. म्हणून मी तुला पत्र लिहिलं. तू 'आधीपासून काळं होतं' एवढं कळवलं असतंस, तर मी तो कागद लुबनापुढे ठेवला असता. बाकीचं मला बोलावं लागलं नसतं. असा मी तुला पुन्हा पुढं करत होतो.

काल तेवीस तारीख. तुझं उत्तर नाही. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो, आत डॉक्टर बसले होते. लुबना फाईल घेऊन आत चालली होती. मी उठलो आणि म्हणालो, "बेटी, ते बिब्ब्याच्या आधीपासून काळं होतं."

ती थांबली. "पार्टनरचं उत्तर आलं का?"

"नाही. मलेच मालूम होतं."

नईमनं माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं, तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधे उभं राहून. कापलेलं कुठं फेकलं तेही. लुबना पहिल्यांदाच चिडली. "चाचा, दोन महिने झाले मी विचारून राहिली! तीन चकत्या उरल्या न माह्यापाशी!" मग तिनंच माझा हात धरून मला बसवलं.

कातडीच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं भिंग लावून वणाची कड पाहिली, खूप वेळ पाहिली, आणि बाकीचे डागही एकेक करून पाहिले. बाकीचे बिब्ब्याचेच निघाले. त्या एकापाशी त्यानं लुबनाकडे पाहून मान हलवली. उरलेल्या चकत्या आता कातडीच्या औषधाला दिल्या आहेत.

रिक्षातून घरी उतरल्यावर नईम म्हणाला, "काका आपल्या घरी शेवटले कधी जेवले होते, अब्बा?"

उस्मान


मोर्शी
ता. १२ जानेवारी २०२५

सूर्यभान,

रिपोर्ट आला. काच तपकिरी झाली. लुबनानं मला पुन्हा दुर्बिणीत दाखवलं, आत सगळीकडे उकळलेल्या चहाचा रंग. रोग पायातूनच निघाला होता. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा असतो, मेलॅनोमा म्हणतात. नाव मी कागदावर लिहून घेतलं आहे. आता फाईलवरचं ते 'अज्ञात' खोडून हे लिहिलं. नागपूरला एक तपासणी व्हायची आहे, मग सलाईनमधून औषध सुरू होईल. मोठे डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरं होईल असं कबूल करत नाही, पण आता औषध या रोगाचंच असेल. एवढं पुष्कळ झालं.

म्हणजे दवाखान्याला तुझ्याकडून आता काही विचारायचं उरलं नाही. दोन दिवस मी याच विचारात होतो की आता पत्र कोणत्या कारणानं लिहू.

मी लुबनाला दोनदा विचारलं, बिब्ब्यानं हे झालं का, किंवा चाकूनं? नईमला समोर उभं करून विचारलं. ती म्हणाली, नाही. बिब्ब्यानं ते फक्त झाकलं गेलं. पाहणारा प्रत्येक जण बिब्बाच समजला. म्हणजे तुझ्या हातून काही वाईट झालेलं नाही. हे मी परवा जुम्म्याच्या नमाजीनंतर बुधाजीला, मैनाबाईला आणि रोपवाटिकेत जे होते त्यांना बसवून सांगितलं. वीसजण आता नाहीत, सातच उरले आहेत. मैनाबाई म्हणाली, "आमाले तवाच मालूम होतं चाचा. तुमीच उशिरा पास झाले."

मग परवा रात्री फोनवर लुबना सहज एक गोष्ट बोलली आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ती म्हणाली, बिब्ब्याचा डाग कातडीबरोबर निघून जातो, महिन्यात, फार तर दोन महिन्यांत. त्यानंतरही तळव्यावर काळं राहिलं तर ते बिब्ब्याचं नाही.

सूर्यभान, माझ्या पायाला बिब्बा तू लावायचास आणि तुझ्या पायाला मी. तुझा डावा तळवा, करंगळीच्या खाली. तीन हंगाम तरी मी तिथं बिब्बा टेकवला. ते कसं दिसत होतं, काळं होतं की पिवळं, गोल होतं की पसरलेलं, मी तेव्हापासून आठवून पाहतो आहे आणि मला आठवत नाही. हे खरोखरच आठवत नाही, मागच्यासारखं खोटं नाही. मी बिब्बा लावताना मजुरांशी गप्पा मारायचो, मला चटका बसला की तुलाच शिवी द्यायचो. तू माझ्या पायाकडे नीट पाहिलंस. मी तुझ्या पायाकडे एकदाही पाहिलं नाही.

काल रोपांना पाणी देताना हेच डोक्यात, पाइप तसाच सुरू राहिला, दोन वाफे वाहून गेले.

म्हणून एवढं कर. सकाळी उजेड आला की दारात खुर्ची टाकून बस. पाय साबणानं धू, दगडानं घास, पुसून कोरडा कर. तुझाही गुडघा वळत नसेल, स्वतः पाहायला जाऊ नकोस. सत्यवती वहिनींना चष्मा लावून पाहायला सांग. डावा आधी पाहा, मग उजवा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. तू काम सोडून सहा वर्षं झाली, तिथं आता काही काळं असायला नको. असलं तर जावयाला म्हणावं, दुकान बंद कर आणि त्याच दिवशी दवाखान्यात ने. कुरूप आहे म्हणून सांगू नकोस. हंगाम आहे म्हणू नकोस.

माझ्यावरचा राग तसाच राहू दे, त्याबद्दल मी काही मागत नाही. फक्त पाय पाहून काय दिसलं ते कळव. काही नसेल तर 'नाही' एवढा एकच शब्द लिही. पण लवकर लिही गा, सूर्यभान. आज पाहिलंस तर आजच टाक.

तुझा
उस्मान